कोच ओरडतो, संघ जिंकतो?

मैदानाच्या कडेला हातवारे करणारा, पाण्याची बाटली लाथाडणारा, रेफरीशी हुज्जत घालणारा प्रशिक्षक टीव्हीवर बघायला मोठी मजा येते. पण त्याच्या त्या तळमळीनं संघ खरंच चांगला खेळतो का? आणि तोच आवाज आपल्या पोराच्या वाट्याला आला तर?

जबलपूरच्या सदर भागात संध्याकाळी पाचच्या सुमारास एखाद्या मैदानाजवळून जा. चेंडू दिसायच्या आधी आवाज कानावर येतो. "पीछे देख, पीछे!" "पास कौन देगा?" "सो गया क्या?" गळ्यात शिट्टी अडकवलेले कोचसाहेब रेषेच्या कडेनं इकडून तिकडे धावताहेत, आत बारा-तेरा वर्षांची पोरं धावताहेत आणि कडेला स्कूटर उभ्या करून दोन-चार आईबाप बसलेत.

त्यातलं एखादं घर हमखास मराठी असतं. पिढ्यान् पिढ्या जबलपुरातच नांदलेली, बाहेर अस्खलित हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी बोलणारी अशी घरं या शहरात पुष्कळ. पोराला घेऊन घरी परतताना आईचा चेहरा उतरलेला असतो. "एवढं कशाला ओरडायचं लेकरावर? चेंडू काय मुद्दाम सोडला त्यानं?" आणि फॅक्टरीतून रिटायर झालेल्या आजोबांचं उत्तर ठरलेलं. "ओरडल्याशिवाय अंगात येत नाही, सूनबाई. आमचे उस्ताद तर..."

आजोबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. हे छावणीचं गाव. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथं, जम्मू-काश्मीर रायफल्सचं केंद्र इथं, सिग्नल्सचे जवानही इथंच घडतात. गन कॅरेज फॅक्टरी तर १९०४ पासूनची. पलटणी, फॅक्टऱ्या आणि रेल्वे यांच्या जोरावर इथला फुटबॉल आणि हॉकी वाढली. परेडच्या उस्तादाची हाळी ज्या गावाच्या कानात बसली आहे, त्या गावात मुकाट्यानं उभा राहणारा कोच लोकांना कोच वाटतच नाही!

आता आईचं खरं की आजोबांचं? या भांडणाचा एक मोठा नमुना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला, तोही फार जुना नाही. २०२३ च्या जूनमधला.

लाल कार्ड आणि एक गोवेकर

बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा सुरू होती. २१ जूनला भारताची पहिलीच लढत पाकिस्तानशी. सुनील छेत्रीच्या दोन गोलांमुळे भारत २-० असा पुढे. मध्यंतराला जेमतेम काही क्षण बाकी. चेंडू रेषेबाहेर गेला, पाकिस्तानच्या खेळाडूनं तो आत फेकायला हातात घेतला आणि भारताचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी मागून येऊन तो चक्क त्याच्या हातातून उडवला! रेफरीनं निकाल चुकवला, थ्रो आपला होता, असा त्यांचा दावा. मग काय, दोन्हीकडचे खेळाडू भिडले, धक्काबुक्की झाली, स्टिमाचना लाल कार्ड मिळालं.

दुसऱ्या दिवशी स्टिमाचनी समाजमाध्यमावर लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की माझा राग करा नाहीतर माझ्यावर प्रेम करा, मैदानावरच्या माझ्या पोरांवर अन्याय झाला तर मी पुन्हा असंच करीन. देशभरच्या चाहत्यांना हे भारी आवडलं. असा कोच हवा, आमच्यासाठी लढणारा!

त्यांनी शब्द पाळला. एका सामन्याची बंदी भोगून स्टिमाच २७ जूनला कुवेतविरुद्ध परतले आणि सामना संपायला दहाएक मिनिटं असताना पुन्हा लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. या वेळी दोन सामन्यांची बंदी आणि दंडही. म्हणजे उपान्त्य सामना नाही, अंतिम सामनाही नाही.

मग रेषेवर उभं कोण राहिलं? महेश गवळी. गोव्याचा हा माणूस एके काळी डेम्पोचा आणि भारताचा भरवशाचा बचावपटू होता. स्टिमाचचा सहायक म्हणून मागच्या बाकावर बसलेला हा सहकारी अचानक पुढे आला. नाटक नाही, नाच नाही. सामना बघायचा, जरूर तेव्हा दोन शब्द बोलायचे, खेळाडू बदलायचे.

हिशेब मांडायला मोठी सोय झाली बघा. त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर, तेच खेळाडू. फक्त रेषेवरचा माणूस वेगळा. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या अर्ध्यात स्टिमाच असताना दोन गोल झाले, दुसऱ्या अर्ध्यात ते नसताना आणखी दोन. गवळीच्या हाताखाली नेपाळवर २-० असा विजय. कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात स्टिमाच बाहेर गेले तेव्हा भारत १-० पुढे होता. नंतर जादा वेळात अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. उपान्त्य सामन्यात लेबनॉनशी गोलशून्य बरोबरी, पेनल्टीवर ४-२ अशी जीत. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात पुन्हा कुवेत. चौदाव्या मिनिटाला भारत मागे पडला, मग छांगतेनं बरोबरी साधली आणि पेनल्टीच्या शेवटच्या फटक्यावर गुरप्रीतसिंग संधूनं झेप घेतली. ५-४. करंडक भारताचा.

पिछाडीवर पडलेला संघ, भरलेलं स्टेडियम, अंतिम सामना... रेषेवर गर्जना करणारा कोच हवा तो याच घटकेला, असं कुणीही म्हटलं असतं. तो नव्हता. आणि काही बिघडलं नाही.

आता लगेच आईच्या बाजूनं निकाल देऊ नका. त्या संघाची तयारी आठवडेच्या आठवडे कुणी करून घेतली होती? स्टिमाचनीच. कुणी कुठं उभं राहायचं, हल्ला कुठून चढवायचा, हे सगळं त्यांचं. गवळीनं ते सांभाळून नेलं. म्हणजे त्या पंधरवड्यानं कोच निरुपयोगी ठरला नाही, कोचचं ओरडणं तेवढं वेगळं काढून दाखवलं. आणि ते वेगळं काढल्यावर संघाचं वजन फारसं घटलेलं दिसलं नाही. तीन-चार सामन्यांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरं, पण इतका नेटका योग क्वचितच जुळून येतो.

ऐकू तरी येतं का?

मुळात हा रेषेवरचा कोच फार जुना प्राणी नाही. १९९३ पर्यंत फुटबॉलच्या नियमांना सामना चालू असताना बाहेरून सूचना देणं मंजूरच नव्हतं. लोक चोरून द्यायचे ती गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये बाकासमोर चौकट आखून कोचला रीतसर उभं राहायची मुभा मिळाली. ही चौकट रेषेपासून एक मीटर अलीकडे संपते. कोचांची पावलं मात्र तिथं कधी थांबत नाहीत, म्हणून मग २०१९ पासून खेळाडूंसारखीच कोचनाही पिवळी-लाल कार्डं दाखवायला सुरुवात झाली.

मुभा मिळाली, पण आवाज पोचतो का? आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान शंभर मीटरहून लांब आणि चौसष्ट ते पंचाहत्तर मीटर रुंद. पलीकडच्या कडेनं धावणारा खेळाडू कोचपासून साठ मीटरवर. मध्ये हजारोंचा गलका. कोचच्या तोंडची वाक्यं त्याच्या कानापर्यंत पोचतात म्हणणं धाडसाचंच. त्याला दिसतात ते हातवारे.

कोविडच्या काळात ही गंमत उघडी पडली. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा अख्खा मोसम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन ठिकाणी रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. टीव्हीवर पहिल्यांदाच कोचांचे आवाज घराघरात स्वच्छ ऐकू आले. एरवी भव्य वाटणाऱ्या त्या हातवाऱ्यांमागं बहुतेक वेळा होतं काय? 'वर', 'मागे', 'वेळ आहे', 'पटकन', आणि रेफरीला उद्देशून बरंच काही. नवीन म्हणावं असं थोडंच.

जबलपूरच्या आजोबांनी इथं कान टवकारावेत. परेडचा उस्ताद मोठ्यानं ओरडतो हे खरं, पण तो नवीन काही सांगतो का? त्याचा प्रत्येक हुकूम जवानाला पाठ असतो. आवाज मोठा असतो तो लांब पोचावा म्हणून, ताल सुटू नये म्हणून. 'तेज चल' म्हटल्यावर जवानाला विचार करावा लागत नाही. चेंडू पायात असलेल्या पोराला मात्र एकाच वेळी पाहायचं असतं, ठरवायचं असतं आणि करायचं असतं. तेवढ्यात बाहेरून तिसरंच वाक्य कानावर आलं की पाय अडखळतो.

आदल्या रात्रीची गोष्ट

मग तळमळ काय कामाची नाही? तसं म्हणायला जावं तर सय्यद अब्दुल रहीम आडवे येतात.

हैदराबादचे हे शाळामास्तर. अलीकडे २०२४ मध्ये अजय देवगणच्या 'मैदान'मुळे त्यांचं नाव घराघरात गेलं. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये ते भारताचे प्रशिक्षक होते आणि कर्करोगानं आतून पोखरले गेले होते. इस्राएल आणि तैवानला यजमानांनी दूर ठेवलं त्यावर भारतीय पदाधिकाऱ्यानं आक्षेप घेतला म्हणून जकार्तातले प्रेक्षक भारतीयांवर चिडलेले. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. अशा संघानं ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं. पी. के. बॅनर्जींचा एक गोल आणि एक त्या टाके घातलेल्या जर्नेलचा, ज्याला रहीमसाहेबांनी बचावातून उचलून थेट आघाडीला खेळवलं होतं.

त्या संघातले खेळाडू पुढे सांगत, की आदल्या रात्री रहीमसाहेबांनी पोरांकडे एकच मागणं मागितलं, उद्याचं सुवर्णपदक मला भेट द्या. सामन्यात बाहेरून सूचना द्यायची तर तेव्हा नियमाचीच बंदी. जे काही पेटवायचं ते आदल्या रात्री पेटवून झालेलं होतं. नऊ-दहा महिन्यांत, ११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले.

त्या रात्रीचा एक श्रोता म्हणजे पी. के. बॅनर्जी. पुढे कोलकात्यात प्रशिक्षक झाल्यावर त्यांच्या बोलण्याला बंगाली वृत्तपत्रांनी नावच दिलं, 'व्होकल टॉनिक'. हे टॉनिकही खेळाडूंना कपडे बदलायच्या खोलीत पाजलं जायचं, रेषेवरून नव्हे. १९९७ च्या फेडरेशन कपचा उपान्त्य सामना जुन्या लोकांना आठवत असेल. १३ जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाच्या वर माणूस. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या 'डायमंड' रचनेच्या यशानं फुशारलेले. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची जाहीर टर उडवली. बायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हटलं, ओमोलोचं 'ऑम्लेट' केलं, सोसोची 'शोशा' म्हणजे काकडी! पी. के. समोरच्या गोटात. त्यांना आता टॉनिक घोटायला वेगळी जडीबुटी शोधायची गरजच नव्हती. ईस्ट बंगालनं ४-१ असा धुव्वा उडवला आणि त्यातले तीन गोल 'चुंग चुंग'चे.

दत्त हे भारतातल्या अत्यंत बुद्धिमान प्रशिक्षकांपैकी एक होते, याबद्दल वाद नाही. पण त्यांची आग त्या दिवशी दुसऱ्याच्या चुलीला लागली.

किती ओरडलं म्हणजे पुरे?

शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडलेला आहे. अगदी १९०८ मध्ये यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकनांनी उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन पाहिलं. थोड्या झटक्यानं उंदीर लवकर शिकत, फार झटक्यानं गोंधळत. आणि काम जितकं अवघड, तितका कमी झटका पुरत असे. फुटबॉल हे उंदरांच्या कोड्यापेक्षा सोपं काम नक्कीच नाही.

माणसांवरचा दाखला ताजा आहे. कॅलिफोर्नियातल्या बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा-कॉलेजांच्या २३ बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली ३०४ भाषणं ध्वनिमुद्रित केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. आजोबांना आनंद होईल अशी बातमी म्हणजे, कोच जरा चिडून, नाराजीनं बोलला तर उत्तरार्धात संघ सुधारला. आईला आनंद होईल अशी बातमी म्हणजे, एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे पारा चढला की खेळ घसरला. आणि हे बोलणं मध्यंतरातलं, खेळाडू बसलेले, ऐकायला मोकळे असतानाचं. चेंडू पायात असतानाचं नव्हे.

मोठ्या संघांकडे पाहिलं तर दोन्ही तऱ्हा चालताना दिसतात. २८ मे २०२२ ला पॅरिसमध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. एका बाजूला लिव्हरपूलचे युर्गन क्लॉप, दात विचकत मुठी उडवणारे. दुसऱ्या बाजूला रेआल माद्रिदचे कार्लो आन्चेलोत्ती, च्युइंगगम चघळत एक भुवई उंचावणारे. रेआल १-० नं जिंकलं. प्रशिक्षक म्हणून आन्चेलोत्तींनी हा करंडक पाच वेळा उचलला आहे. तर मग गप्प बसणारा जिंकतो, असं म्हणावं? क्लॉपनीही २०१९ मध्ये तोच करंडक जिंकलाय हो.

आपल्याकडे बघा. मुंबईकर खालिद जमील हा मितभाषी माणूस. मिझोरमच्या ऐजॉल एफसी या तुटपुंज्या पैशांच्या संघाला त्यानं २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली, तेव्हा सगळे थक्क झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, गोव्यात, आपल्याच प्रेक्षकांसमोर, सिंगापूरनं भारताला २-१ असं हरवलं आणि आशिया कपची वाट बंद झाली. तिकडे गर्जना करणारे स्टिमाच अफगाणिस्तानकडून हरून आणि कतारकडून हरून जून २०२४ मध्येच घरी गेले होते. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? गोल करणारा खेळाडू घडला नसेल तर कोच ओरडो की मौन धरो, फलक बदलत नाही.

पण एक फरक राहतोच. स्टिमाचनी पाकिस्तानी खेळाडूच्या हातून चेंडू उडवला तो वेडेपणाच होता, मात्र तो राग आपल्या खेळाडूंसाठी होता, त्यांच्यावर नव्हता. खेळाडूंना हे बरोबर कळतं. सदरच्या मैदानावर जे चालतं ते बहुतेकदा उलटं असतं. 'सो गया क्या?' हे रेफरीला नाही, पोराला असतं. आणि पोरगं बारा वर्षांचं.

बारा वर्षांच्या पोरांचा हिशेब अमेरिकेत सिअॅटलच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी मांडला. मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही कोचना त्यांनी शिकवण दिली. चांगलं केलं की लगेच शाबासकी द्या. चुकलं की आधी धीर द्या, मग कसं करायचं ते दाखवा. चिडणं-हिणवणं बंद. उरलेले कोच आपल्या नेहमीच्या पद्धतीनं वागले. मोसम संपला तेव्हा दोन्हीकडच्या संघांच्या जय-पराजयात म्हणण्यासारखा फरक नव्हता. आजोबा म्हणतील, बघा, गोड बोलून काय मिळालं? मिळालं ते पुढच्या वर्षी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार नेहमीच्या कोचांकडची शंभरातली २६ मुलं पुढच्या मोसमात खेळायला आलीच नाहीत. शिकवलेल्या कोचांकडची फक्त ५. स्वतःबद्दल मुळातच कमी भरवसा असलेल्या मुलांवर कोचच्या वागण्याचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं.

म्हणजे कोचच्या आवाजानं शनिवारचा सामना जिंकतात की हरतात हे सांगणं कठीण, पण पुढच्या वर्षी मैदानावर कोण उरणार हे बरंचसं त्या आवाजावर ठरतं.

आवाज सगळाच वाईट असतो असं नाही. काही कोच मोठ्यानंच बोलतात, ती त्यांची सवय. सरावात शिकवलेला एखादा शब्द सामन्यात खणखणीत मारला तर पोरांना आधारच वाटतो, परेडच्या हुकमासारखा. म्हणून कोच बदलायची घाई करण्याआधी आई आणि आजोबा दोघांनी मिळून एकदा पूर्ण सामना पाहावा. कोचकडे नाही, पोराकडे. चेंडू त्याच्या पायातून निसटला की पहिल्यांदा त्याची मान कुठं वळते? चेंडूमागं, की रेषेकडे?